प्लास्टरबाईंचा जबाब

“ओढते आता. शिव्या घालायच्या असतील तर आत्ताच घालून घ्या, नंतर श्वास पुरायचा नाही.”

असं म्हणून प्लास्टरबाईंनी समोरच्या माणसाचं मनगट दोन्ही हातांत घट्ट धरलं आणि सगळं अंग मागे झोकून दिलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी पलीकडून त्याचं कोपर दाबून धरलं होतं. हाड कट्कन जागेवर बसलं. माणूस असा काही ओरडला की बाहेरच्या बाकावरचं एक तान्हं बाळ दचकून रडायला लागलं.

दाराशी दुसरा उभा होता. त्याने उजव्या कानावर रक्ताने भिजलेला टॉवेल धरला होता. दोघं एकाच इमारतीतले, समोरासमोरच्या दारांतले. गाडी लावायच्या जागेवरून सकाळीच जुंपली. एकाने चाक खोलायचा पाना मनगटावर हाणला, दुसऱ्याने त्याचा कान दातांनी तोडला.

“तुकडा कुठाय?” बाईंनी त्याला विचारलं.

“खिशात आहे.”

“खिशात? अहो, ते काय बसचं तिकीट आहे? बर्फात ठेवायचा असतो तो. पळा आधी वरच्या मजल्यावर!”

तो गेल्यावर बाईंनी बादलीत प्लास्टरची गुंडाळी बुडवली, पिळली आणि मनगटावर फिरवायला घेतली. “किती वर्षं शेजारी आहात?”

“अकरा,” माणूस म्हणाला. मग भिंतीकडे बघत पुटपुटला, “त्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याच्या पोरांना शाळेत मीच सोडत होतो.”

हल्ली असली उत्तरं ऐकून बाईंना नवल वाटेनासं झालं होतं. अपघात विभागाच्या या खोलीत त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. त्यांचं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. सफाईवाल्यापासून मोठ्या सर्जनपर्यंत सगळे त्यांना प्लास्टरबाईच म्हणत. पूर्वी या टेबलावर झाडावरून पडलेली पोरं यायची, जिन्यावरून घसरलेल्या म्हाताऱ्या यायच्या. आता माणसांनी मोडलेली माणसं जास्त यायची. कुणाला सिग्नलला पुढे जाऊ दिलं नाही म्हणून, कुणी रांगेत घुसला म्हणून, कुणाचा कुत्रा भुंकला म्हणून. गेल्याच महिन्यात एक रोगी दगावला आणि त्याच्या नातेवाइकांनी याच खोलीची काच फोडून सलाइनच्या स्टँडने डॉक्टरीणबाईंची पाठ फोडून काढली होती. त्या चौथ्या दिवशी कामावर आल्या, पण तेव्हापासून दाराकडे पाठ करून उभ्या राहत नसत.

बाईंना एक विद्या मात्र चांगली साधली होती. हाड कसं मोडलं हे रोगी काय वाट्टेल ते सांगो, त्यांना फिल्म पाहून कळायचं. त्याच विद्येने त्या दिवशी त्यांना घरच्या दारात आणून उभं केलं.

दहाच्या सुमाराला डॉक्टरीणबाई एक्स-रेची फिल्म घेऊन आत आल्या आणि त्यांनी ती उजेडाच्या पेटीवर लावली. “बाई, हे जरा बघा. कागदावर बाथरूममध्ये पडल्याचं लिहिलंय.”

बाईंनी हात पुसत मान वर केली. डाव्या हाताचं कोपराखालचं, करंगळीच्या बाजूचं हाड, बरोबर मधोमध, आडवं मोडलेलं. शेजारच्या हाडाला साधी चीरही नव्हती.

“छे हो. पडणारं माणूस तळव्यावर पडतं, मनगट जातं त्याचं. हिने डोकं वाचवायला हात असा वर धरलाय.” त्यांनी स्वतःचा हात कपाळापुढे आडवा धरून दाखवला. “आणि वरून दांडक्यासारखं काहीतरी बसलंय. जोरात. ही पडलेली नाही डॉक्टर, हिला मारलंय.”

“मलाही तेच वाटलं. मग पोलिसांना कळवावं लागेल.” डॉक्टरीणबाईंनी दार उघडून हाक मारली, “या, आत या.”

आत आली ती बाईंची सून.

डावा हात टॉवेलात गुंडाळून तिने छातीशी धरला होता. उकाड्याचे दिवस असूनही अंगात लांब बाह्यांचा सदरा. ती टेबलाशी येऊन उभी राहिली आणि बाईंकडे बघत राहिली. नुसतीच बघत.

“ही...” बाई म्हणाल्या. “ही माझी सून आहे.”

डॉक्टरीणबाईंनी हलक्या आवाजात विचारलं, “मग काय लिहू, बाई?”

सव्वीस वर्षांत बाईंनी कुठल्या रोग्याच्या बाबतीत शब्द फिरवला नव्हता. त्या पुन्हा फिल्मकडे वळल्या, उगाच वाकून, डोळे बारीक करून पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, “माझीच चूक झाली असेल. टबच्या काठावर हात आपटला की असंही मोडतं कधीकधी. घसरली असेल.”

डॉक्टरीणबाईंनी कागदावर ‘पडून’ असं लिहिलं, खाली सही केली आणि त्या बाहेर गेल्या.

सासू-सुना दोघीच उरल्या. बाईंनी कापसाची पट्टी हातावर गुंडाळायला सुरुवात केली. बाही वर सरकवली तर दंडावर चार बोटांचे पिवळे पडलेले वळ दिसले. आठ-दहा दिवसांपूर्वीचे.

“मी मुद्दाम इथे आले, आई,” सून म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, रडण्याचा लवलेश नव्हता. “घराजवळ दोन दवाखाने आहेत. पण तिथे गेले असते तर तुम्हाला कळलं नसतं. खिडकीवर विचारलं तेव्हा तोंडातून ‘बाथरूम’ निघून गेलं. सवय झालीय. म्हटलं, मला बोलता येत नाही, पण तुम्ही हाड बघून बोलाल.”

बाईंचे हात थांबले.

“बोललातही. मी दाराबाहेरून ऐकलं. आणि मग मला पाहिलंत.”

“कशाने मारलं?”

“पडद्याच्या दांड्याने. काल संध्याकाळी. त्यांनी तीनदा फोन केला, मी उचलला नाही. चिमणीला आंघोळ घालत होते.”

चिमणी म्हणजे बाईंची नात, पाच वर्षांची. “ती कुठे होती?”

“तिथेच. टॉवेल गुंडाळून उभी होती. तिने कान झाकले न् मोठ्यांदा अंक म्हणायला लागली. शाळेत शिकवलेत ते. शंभरपर्यंत. नंतर त्यांनी मला समजावलं. म्हणाले, आईने मला पट्टीने फोडून काढलं म्हणून मी माणूस झालो. तू पण होशील.”

ओलं प्लास्टर हातात तसंच राहिलं आणि घट्ट व्हायला लागलं. बाईंना ते फेकून नवी गुंडाळी घ्यावी लागली.

खोटं नव्हतं ते. बाईंचा नवरा बिचारा टायपिस्ट होता, माशी मारतानाही डोळे मिटणारा. मुलाला वळण लावायचं काम बाईंनी स्वतःकडे घेतलं होतं. पोलादी पट्टी होती एक, फूटभर लांब. मार्क कमी पडले की तळव्यावर. खोटं बोलला की पोटऱ्यांवर. हाडं ओढून ओढून बाईंच्या हातांत पुरुषासारखी ताकद आलेली. एकदा नऊ वर्षांच्या त्या पोराची दोन बोटं एवढी सुजली की बाईंनीच त्यावर पट्टी बांधली आणि वर पापा घेऊन म्हणाल्या, “तुझ्या भल्यासाठीच ना रे?” नवरा दारातून म्हणायचा, “अगं, पुरे आता.” त्याला त्या म्हणायच्या, “तुम्ही मध्ये पडू नका. हे शहर आहे, मऊ राहिला तर चिरडतील त्याला.”

आणि याची कुणालाच कधी लाज वाटली नव्हती. चार नातेवाईक जमले की आपापल्या माराच्या गोष्टी सांगायची अहमहमिका लागायची. कुणाला बापाने पट्ट्याने, कुणाला मास्तरांनी छडीने. सगळे पोट धरून हसायचे. मुलगाही हसायचा. सगळ्यांत मोठ्याने तोच हसायचा, हे बाईंना आज पहिल्यांदा आठवलं.

प्लास्टर झालं. बाईंनी हात गळ्यात अडकवून दिला. “चिमणी आत्ता कुठाय?”

“शाळेत. त्यांची सुट्टी आहे आज, साडेबाराला तेच आणतील. शाळा दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही.”

“तू या खोलीतून हलू नकोस. मी तिला घेऊन येते.”

“आई, ते देणार नाहीत.”

“बघू.”

बाईंनी रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि बस पकडली. दुपारचं रहदारीचं शहर बाहेर फणफणत होतं. एका चौकात हेल्मेटवाल्याने मोटारीचा आरसा लाथेने तोडला आणि आतल्या माणसाने दार असं उघडलं की तो रस्त्यावर फेकला गेला. बसमधले लोक उठून फोन वर धरून चित्रीकरण करायला लागले. शेजारची एक तरणी आई आपल्या मुलीला सांगत होती, “कुणी एक मारली तर दोन द्यायच्या, काय? रडत घरी यायचं नाही.” बाईंना वाटलं, तिचा हात धरावा. पण कुठल्या तोंडाने?

मुलाचं घर चौथ्या मजल्यावर. त्याने दार उघडलं ते हसऱ्या चेहऱ्याने. तो मोटारींच्या शोरूममध्ये विक्रीचं काम करायचा; दिवसभर गिऱ्हाइकांपुढे ‘सर, सर’ करून तोंडावर ते हसू कायमचं बसलं होतं.

“आई! अशी अचानक? ड्युटी नाही का? ये, ये. बघ चिमणे, कोण आलंय.”

चिमणी शाळेच्या गणवेशातच जेवणाच्या टेबलाशी बसली होती. ती उठली नाही. आधी तिने बापाकडे पाहिलं.

“तिच्या हातावर प्लास्टर घालून आले,” बाई म्हणाल्या.

हसू तसंच राहिलं, डोळे तेवढे बदलले. “पडली ती. सांगितलं ना तिने?”

“सांगितलं. फिल्मने वेगळं सांगितलं.”

“अगं आई, तुला माहीत नाही ती कशी आहे. दहा वेळा सांगितलं तरी ऐकत नाही. मी दिवसभर लोकांची बोलणी खातो, घरी निदान फोन तरी—” तो थांबला. “आणि तू मला सांगतेस? तू?”

“हो, मी. मी तुला मारलं. चुकलं माझं. तेव्हा कुणी मला धरायला हवं होतं, कुणी धरलं नाही.”

त्याने हे असं ऐकलं जणू समोरून परक्या भाषेत कुणी बोललं. “चुकलं? आता? मी वीस वर्षं लोकांना सांगतोय की माझ्या आईने मला घडवलं. आता म्हणतेस चुकलं?”

“हो.”

“मग मी काय आहे?” तो ओरडला. “मग मी काय झालो, सांग ना!”

बाई वळल्या, खुर्चीवरचं दप्तर उचललं आणि चिमणीचा हात धरला. “चल बाळा. आई वाट बघतेय.”

“तिला हात लावू नकोस.”

“चल, चिमणे.”

त्याने दप्तर हिसकलं. बाईंनी सोडलं नाही. त्याने त्यांना ढकललं. त्या चपलांच्या कपाटावर आदळल्या, कपाट आडवं झालं, चपला घरभर उधळल्या. चिमणी अंक म्हणायला लागली. “एक, दोन, तीन...” ते ऐकून तो आणखीच पिसाळला. “गप्प! गप्प बस म्हणतो ना!” दांडा अजून खिडकीखालीच पडलेला होता, पडदा न लावलेला. त्याने तो उचलला.

बाईंनी त्याचा खांदा मागे जाताना पाहिला. मारण्याआधी खांदा कसा मागे जातो, कुठल्या उंचीवरून हात येतो, कुठे बसला तर काय मोडतं, सगळं त्यांना पाठ होतं. हात वर धरला असता तर हात गेला असता. पण त्यांचे दोन्ही हात चिमणीभोवती होते. त्यांनी तिला पोटाशी ओढलं आणि पाठ वाकवून तिच्यावर झाकण घातलं.

दांडा मान आणि खांद्याच्या मध्ये बसला. आतून काटकी मोडावी तसा आवाज आला. हासळीचं हाड, बाईंनी मनात म्हटलं. डावीकडची. दुसरा फटका पाठीवर आला, तिसरा कानशिलाला चाटून गेला आणि डोळ्यांत गरम रक्त उतरलं. त्या गुडघ्यांवर आल्या, पण मिठी सुटली नाही.

मग काहीच आलं नाही. दांडा फरशीवर पडून घरंगळत गेला.

“आई,” तो म्हणाला. आवाज नऊ वर्षांच्या पोराचा. “तू बाजूला व्हायचं ना. का नाही झालीस बाजूला?”

बाई भिंतीला धरून उठल्या. एका हाताने चिमणीला पुढे घातलं. जिन्यावर दोन दारं वीतभर उघडली आणि लगेच मिटली. तिसऱ्या मजल्यावरची एक म्हातारी तेवढी बाहेर आली, तिने काही न विचारता त्यांच्या कपाळावर फडकं दाबलं आणि खाली रस्त्यापर्यंत येऊन हात दाखवून टॅक्सी थांबवली.

अपघात विभागात स्ट्रेचरवरून आत नेताना डॉक्टरीणबाई धावत आल्या. “बाई! कशाने झालं?”

“मारहाण,” बाई म्हणाल्या. “लिहा. पडद्याचा दांडा. तीन फटके. आणि सकाळच्या कागदावर तुम्ही ‘पडून’ लिहिलंत ना, ते माझ्यामुळे. ते आधी खोडा. तिला त्याच दांड्याने मारलंय. मी हाड बघितलंय, मी सांगते तसं लिहा.”

सून भिंतीशी उभी होती. चिमणीने तिच्या प्लास्टरकडे एकदा पाहिलं, बोट लावून पाहिलं, मग कुशीत शिरली.

कपाळाला सात टाके पडत असतानाच पोलीस आला. पोक्त माणूस होता, थकलेला. सकाळच्या कानवाल्याचा जबाबही त्यानेच घेतला होता. त्याने खुर्ची ओढली आणि लिहून घ्यायला लागला.

“मारणाऱ्याशी तुमचं नातं?”

“मी आई त्याची.”

त्याने पेन टेकवलेलंच ठेवलं. “बाई, थोडा विचार करा. एकदा लिहिलं की माझ्या हातात राहत नाही. पोटचा मुलगा आहे. उद्या तुम्हीच याल, साहेब मागे घ्या म्हणून. रोज येतात आया.”

“येत असतील,” बाई म्हणाल्या. “सकाळी मी पण तीच आई होते. लिहा तुम्ही.”

त्याने लिहिलं. बाईंनी एकेक ओळ त्याच्याकडून वाचून घेतली, ‘पट्टी’ हा शब्द कुठे आला नाही असं पाहून त्याला परत थांबवलं. “हेही घाला. लहानपणी मी त्याला मारायचे, पोलादी पट्टीने. त्याची सुटका व्हावी म्हणून नाही सांगत. खरं आहे म्हणून सांगते.” पोलिसाने मान हलवली आणि तेही घातलं. मग बाईंनी सही केली.

मुलाला त्याच संध्याकाळी घेऊन गेले. तो आदळआपट न करता गेला म्हणे. शर्ट बदलून, केस विंचरून.

पुढे काय व्हायचं ते झालं. बाईंचा सख्खा भाऊ दारात येऊन बोलून गेला, “जगात असलं कुणी केलं नाही, ताई. सुनेसाठी पोराला आत घातलंस?” जामिनाला घरातल्या माणसाला उभं राहावं लागतं. भावाने कागद पुढे केला, बाईंनी तो वाचला आणि सही न करता परत दिला. “तो बाहेर येऊन जाणार कुठे, हे आधी सांग. त्याच्या घरात त्या दोघी आहेत.” भाऊ तेव्हापासून फोन करायचा बंद झाला. शोरूमने मुलाला काढून टाकलं. सुनेने एका दवाखान्याच्या खिडकीवर नावं लिहून घ्यायचं काम धरलं. ‘बाथरूममध्ये पडले’ असं कुणी म्हटलं की ती मान वर करून बघते, एवढं तिने एकदा सांगितलं.

बुधवार हा तुरुंगातल्या भेटीचा दिवस असायचा. पहिल्या बुधवारी बाई गेल्या तर पहारेकऱ्याने निरोप आणला, “नाही म्हणतोय भेटायला.” दुसऱ्या आणि तिसऱ्या बुधवारीही तेच झालं. “कशाला हेलपाटे घालता?” पहारेकरी म्हणाला. बाई म्हणाल्या, “त्याला नाही म्हणायचं तर म्हणू दे. मी आले होते एवढं कळवा.”

चौथ्या बुधवारी तो आला.

मध्ये जाळी होती. अलीकडे एक टेबल आणि बाक, पलीकडेही तसंच. तो बारीक झाला होता. दाढी वाढली होती आणि ते शोरूमचं हसू चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. कितीतरी वेळ तो टेबलाच्या कडेची साल नखाने काढत बसला. शेजारच्या बाकावरची माणसं घाईघाईने बोलत होती, मिळालेली दहा मिनिटं संपू नयेत म्हणून.

“चिमणी?” शेवटी त्याने विचारलं.

“शाळेत जाते. झोपते नीट आता.”

त्याने मान हलवली. परत साल काढली. मग जाळीकडे न बघताच म्हणाला, “खांदा कसा आहे?”

काही नाही रे, बरा आहे, हे शब्द बाईंच्या ओठांवर आपोआप आले. सगळ्या आयांच्या ओठांवर येतात ते. बाईंनी ते गिळले.

“दुखतो,” त्या म्हणाल्या. “कूस बदलली की फार दुखतो.”

त्याने वर पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू वाकडा झाला, पण त्याने तो हाताने झाकला नाही. बाईही नजर न हलवता बघत राहिल्या. त्याला पुरतं रडू दिलं. उगी म्हटलं नाही.

घंटा झाली. पलीकडच्या पहारेकऱ्याने त्याच्या पाठीवर थोपटलं, तो उठला आणि मागे वळून न बघता आतल्या दारातून गेला. दार लागेपर्यंत बाई बसून राहिल्या. मग उजवा हात टेबलावर टेकून, खांदा सांभाळत, त्या सावकाश उठल्या. मागे रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्या एका बाईला त्यांनी बाकावर जागा करून दिली.